नातीच्या नावावर लागलेले माझे तास

‘‘मीच खेळत होते,’’ नात म्हणाली.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या टेबलावर एक कागद होता. त्यावर आठवड्याचे वार आणि प्रत्येक वारापुढं एक निळी पट्टी. जितका वेळ खेळ, तितकी पट्टी लांब. सोमवारी दोन दहा ते पावणेपाच. मंगळवारी सव्वादोन ते साडेचार. असे चार महिन्यांचे कागद टाचणी लावून ठेवलेले. बाईंनी वरचा कागद पोरीकडं फिरवून विचारलं होतं, ‘‘या वेळेला तू ट्यूशनला असतेस असं मम्मीनं लिहून दिलंय. मग हे कोण खेळत होतं?’’

पोर अकरा वर्षांची. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, मीच खेळत होते.

ते खोटं होतं. खेळत होते मी. एकाहत्तर वर्षांची बाई, मांडीवर पिशवी घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसलेली. समोर जावई होता, म्हणजे पूर्वीचा जावई. माझी लेक पोरीकडं अशी बघत होती, जशी ही दुसऱ्या कुणाचीतरी पोर आहे. मी तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी उघडलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, तीन ओळी लिहिल्या, आणि पोरीला म्हणाल्या, ‘‘खरं बोललीस, चांगलं केलंस.’’ तोवर मी गप्प होते.

आता मागचं सांगते.

माझी लेक चार वर्षांपूर्वी पुण्याहून पोरीला घेऊन माझ्याकडं आली. मारहाण नव्हती, दारू नव्हती. लोकांना सांगायला काही नव्हतं, म्हणून लोकांना पटतही नव्हतं. नवरा मोजणारा होता. दूध आणायला किती वेळ लागला, माहेरी फोन किती मिनिटं चालला, दुपारी झोपली किती. आधी तोंडानं विचारायचा, मग फोनमध्ये बघायचा. लेक म्हणायची, आई, मी त्याच्या घरात राहत नव्हते, हजेरी देत होते. घटस्फोट झाला. राहिला प्रश्न पोरीचा. त्याला ती पुण्याला हवी होती. त्याचं घर मोठं, शाळा मोठी, त्याची आई घरी. आमच्याकडं मुकुंदवाडीत दोन खोल्या. लेक चिकलठाण्याच्या कंपनीत औषधं पॅक करायला जाते. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी साडेसहाला येते. आमच्या बाजूनं सांगायला एकच गोष्ट होती, आणि वकिलानं तीच वर लिहिली होती: मुलीची आजी दिवसभर घरी असते आणि मुलीवर लक्ष ठेवते.

म्हणजे आमच्या अर्जाचा खांब मी होते.

जावई दर दुसऱ्या रविवारी पोरीला भेटायला यायचा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो एक खोकं घेऊन आला. पोरीनं ओरडायचं तेवढं बाकी ठेवलं. आतून पांढरा चपटा डबा निघाला, शाळेच्या कंपासपेटीसारखा, पण तिप्पट. एका अंगाला काळी गोल जाळी. बरोबर हातात धरायचं एकच यंत्र, त्याला दोन छोट्या दांड्या आणि चार रंगांची चार बटणं. जावई फरशीवर बसून टीव्हीच्या मागं वायर खुपसत होता. वायफायही त्यानंच आदल्या आठवड्यात माणूस पाठवून बसवून दिलं होतं.

‘‘मामी, याला सीडी लागत नाही,’’ तो मला म्हणाला. ‘‘फटच नाही सीडीची. सगळं वायफायवरून येतं.’’

‘‘सीडीवालं मिळत नाय का?’’

‘‘मिळतं. ते मोठं मॉडेल. हे सगळ्यात साधं. सुरुवातीला पुरे.’’

‘‘म्हंजी स्वस्तातलं आणलं.’’

पोर फिसकन हसली. तो हसला नाही.

मग त्यानं पोरीच्या नावाचं खातं उघडलं. तिची जन्मतारीख घातली. तिला चित्र निवडायला सांगितलं. तिनं घुबड निवडलं. आणि त्यानं स्वतःचा फोन काढून त्या खात्यावर स्वतःला पालक म्हणून लावून घेतलं. हे मी समोर बसून पाहिलं. पालक लावल्यानं काय होतं ते मी विचारलं नाही. बाप आहे, पालक असणारच, असं वाटलं. लेक आत चहा करत होती. ती असला माणूस ओळखून होती, पण ती बाहेर आली नाही. त्याचं तोंड बघायला नको म्हणून ती चहा लई वेळ उकळत ठेवायची.

तो गेल्यावर तिनं हातातलं यंत्र उचललं आणि मला दिलं.

‘‘आई, हे तुझ्या ट्रंकेत ठेव. कुलूप लाव. रविवारी एक तास काढून द्यायचं. बाकी हात लावू द्यायचा नाही.’’

‘‘मला काय सांगती? असल्या डबड्याला मी हात तरी लावीन का?’’ मी म्हणाले.

पुढच्या तारखेला तिनं हेही कोर्टाला लिहून दिलं. घरात गेमचं मशीन आहे, पण मुलगी फक्त रविवारी एक तास खेळते, दुपारी दोन ते पाच ट्यूशनला असते, मशीनचा रिमोट आजीच्या ताब्यात कुलपात असतो. सगळं खरं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

जानेवारीत पोरीला ताप आला. दोन दिवस शाळा नाही, ट्यूशन नाही. पडून पडून रडायला लागली, म्हणून मी यंत्र काढून दिलं. तिच्या अंगात दम नव्हता. एक ट्रकचा खेळ होता, त्यात माल भरायचा आणि दुसऱ्या गावाला नेऊन टाकायचा. तिचा हात दुखायला लागला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजी, तू धर फक्त. सरळ रस्ताय. हे दाबून ठेव.’’

मी धरलं. आणि ट्रक चालला.

माझा नवरा ट्रक ड्रायव्हर होता. सिल्लोडहून मका आणि कापूस घेऊन जळगावकडं, कधी गुजरातेत. एकोणतीस वर्षं त्यानं गाडी चालवली. मी त्याचे डबे बांधले, त्याचे डिझेलचे कपडे धुतले, त्याच्या गाडीला दसऱ्याला हार केले. त्या गाडीत पुढं एकदासुद्धा बसले नाही. एकदा सिल्लोडहून इकडं यायचं होतं, एसटी चुकली होती, गाडी रिकामीच येत होती. तो म्हणाला, बाईमाणूस कॅबिनमध्ये बसवलं तर क्लीनर काय म्हणेल. मी पुढच्या एसटीनं आले. तो मेल्याला बारा वर्षं झाली. मी फार रडले नाही. आता कुणी विचारत नाही, म्हणून सांगून टाकते.

तर मला तो ट्रक आवडला. दुसरं कारण नाही.

पोर बरी झाली. सकाळची शाळा बारापर्यंत, मग जेवण, मग दोनला मी तिला शेजारच्या गल्लीत ट्यूशनच्या मॅडमकडं सोडायची. तिथून परत आले की पाचपर्यंत घरात मी एकटी. आधी त्या वेळात मी गहू निवडायची, नाहीतर दारात बसून बायकांच्या सुनांच्या चुगल्या ऐकायची. आता मी ट्रंक उघडायला लागले. डबा चालू केला की आपोआप घुबड यायचं. दुसरं काही निवडायला नव्हतंच, म्हणून मी घुबडावरच बटण दाबायची. त्या मशीनची एक गोष्ट मला फार बरी वाटायची. काल जिथं सोडलं, तिथूनच आज सुरू व्हायचं. पाचला घाईत ट्रक पुलावर सोडून उठले, तर दुसऱ्या दिवशी दोनला ट्रक त्याच पुलावर, इंजिन चालू. माझ्या आयुष्यात दुसरं काही असं माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही.

परदेशातले रस्ते होते. गावांची नावं इंग्रजीत, ती मला वाचता येत नव्हती. मी चौथी शिकलेली. बाण दाखवेल तिकडं जायचं. पहिल्या आठवड्यात मी माणसांच्या गाड्या ठोकल्या, खांब पाडले, एकदा नदीत गेले. मग जमायला लागलं. हातातल्या यंत्राचे सेल संपले की भिंतीवरच्या घड्याळातला काढायची आणि टीव्हीच्या रिमोटमधला. पाचला परत लावायची. घड्याळ रोज तीन तास मागं राहायचं, ते मी अंदाजानं पुढं करायची. लेक म्हणायची, या घड्याळाला काय झालंय. मी म्हणायची, जुनं झालंय, माझ्यासारखं.

पोरीला कळायला महिना लागला. एका रविवारी तिनं डबा लावला. तिला नवा खेळ घ्यायचा होता, मासे पकडायचा. पण त्या स्वस्तातल्या डब्यात जागा थोडी. नवा घालायचा तर जुना काढावा लागतो.

‘‘ट्रकचा काढून टाकते,’’ ती म्हणाली. ‘‘बोअर आहे.’’

‘‘तो राहू दे,’’ मी म्हणाले.

‘‘का?’’

‘‘राहू दे म्हटलं ना. दुसरा काढ.’’

तिनं ट्रकचा खेळ उघडून पाहिला. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

‘‘आजी, माझ्याकडं एक लाल ट्रक होता. इथं तीन ट्रक झालेत.’’

मी आतल्या दाराकडं बघितलं.

‘‘आणि तू लेव्हल अठराला आहेस. मी सहाला होते.’’

‘‘हळू बोल. आई आत हाय.’’

‘‘आजी, तू चोर आहेस,’’ ती म्हणाली, पण तिला आनंद झालेला दिसत होता. ‘‘रिव्हर्स येतो का तुला?’’

‘‘नाय येत. गोडाऊनला लावता येत नाय. तिथं पैसे कापतात.’’

‘‘उलटं दाबायचं. मागं जायचं उजवीकडं, तर दांडी डावीकडं. बघ असं.’’

तिनं मला रिव्हर्स शिकवला. आणि मी तिला काय दिलं, तर शपथ घातली. माझी म्हणून नाही घातली, मला माहीत होतं की माझ्या शपथेला ती तेवढी घाबरणार नाही. मी तिला म्हणाले, कुणाला सांगशील तर आईची गळ्याशपथ. आमच्यात ही शपथ मोडली की ज्याची घातली तो मरतो, असं लहानपणापासून डोक्यात भरवलेलं असतं. मीही लहानपणी मानायची. मोठेपणी वापरायला लागले. तिनं स्वतःच्या गळ्याला चिमटा लावून ‘‘मम्मीची गळ्याशपथ’’ म्हटलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, की आता ही सांगत नाही.

तिनं खरंच सांगितलं नाही. जिथं सांगायला हवं होतं तिथंही नाही.

जावयाच्या फोनवर दर आठवड्याला कागद येत होता. घुबड कधी जागं झालं, किती वेळ चाललं, कोणता खेळ. त्याला मशीनजवळ यावंही लागत नव्हतं. पुण्यात ऑफिसात बसून त्याला मुकुंदवाडीतली माझी दुपार दिसत होती, फक्त ती माझी आहे हे दिसत नव्हतं. समुपदेशक बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं की त्याच फोनवरून त्याला वेळही बांधून देता येत होती. दोन ते पाच बंद, एवढं एक बोट लावलं असतं तर डबा आपोआप बंद पडला असता. पोर ट्यूशन बुडवून खेळते अशी बापाला काळजी असती, तर त्यानं पहिल्या आठवड्यात ते केलं असतं. निदान फोन करून विचारलं असतं. तो तिला चार महिने दर दुसऱ्या रविवारी भेटला. तिला आइस्क्रीम खायला नेलं. एक शब्द बोलला नाही. कागद साठवले.

त्या खोलीत मी शेवटी तोंड उघडलं तेव्हा बाई दुसऱ्या पानावर गेल्या होत्या.

‘‘मॅडम, ती खोटं बोलली. ते मी खेळत होते.’’

‘‘तुम्ही, आजी?’’

‘‘व्हय. मी.’’

‘‘काय खेळत होता?’’

‘‘ट्रक.’’

जावई हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. ‘‘मॅडम, यांना मोबाइलवर आलेला फोन उचलता येत नव्हता. मीच उचलून हातात द्यायचो.’’

तेही खरं होतं. सात वर्षांपूर्वीचं.

‘‘आजी,’’ बाई म्हणाल्या, ‘‘नातीसाठी जीव तुटतो, मी समजू शकते. पण इथं असं बोलून तिचं भलं होणार नाही.’’

‘‘मशीन आणा. चालवून दाखवते. रिव्हर्स लावून दाखवते.’’

‘‘इथं कसं आणणार?’’ त्या पोरीकडं वळल्या. ‘‘बेटा, आजी म्हणतात ते खरं आहे का?’’

पोरीनं तिच्या आईकडं पाहिलं. लेकीला वाटलं ती मदत मागते आहे, म्हणून ती म्हणाली, ‘‘सांग बाळा, खरं ते सांग.’’ पोरीनं मान हलवली. ‘‘नाही. आजी नाही खेळत.’’

आईला वाचवत होती ती.

घरी आल्यावर मी पोरीला मोरीजवळ उभं केलं आणि तिला म्हणाले, ‘‘सुटली म्हण.’’ आमच्यात शपथ घालणाऱ्यानं सोडवली की ती सुटते.

‘‘तू आधी म्हण,’’ ती म्हणाली.

‘‘सुटली. सुटली, सुटली.’’

‘‘तू तिथं सांगितलंस तेव्हा नव्हती सुटली?’’

‘‘नाय. तेव्हा सोडवायची राहिली.’’

मग तिनं आईला सगळं सांगितलं. ट्रक, रिव्हर्स, घड्याळातले सेल, गळ्याशपथ. लेक पलंगावर बसून ऐकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीला जवळ घेतलं, तिचे केस मागं केले, तिला म्हणाली जा, खेळ बाहेर. मग मला म्हणाली,

‘‘कुंपणानंच शेत खाल्लं.’’

‘‘व्हय.’’

‘‘एक तास मागितला असतास तर मी नाही म्हणाले असते का?’’

‘‘मागायची लाज वाटली.’’

‘‘आणि तिथं? ती ‘मीच’ म्हणाली तेव्हा तू का गप्प बसलीस?’’

मी तिला खरं सांगितलं. समोर तो बसला होता. त्याच्यापुढं मी पहिल्यापासून ताठ राहिलेली बाई. त्याला तोंडावर बोलणारी घरात मी एकटी. म्हातारपणी पोरासोरांचा खेळ चोरून खेळते हे त्याला कळावं, हे माझ्यानं सोसवेना. तेवढ्यात पोर बोलून गेली, आणि मला वाटलं, चला, सुटले. हो, मला तसं वाटलं होतं. दोन-तीन मिनिटं तसंच वाटत होतं. मग बाई लिहायला लागल्या आणि मला कळलं की पोर हातची जाते.

लेक म्हणाली, ‘‘तुझी लाज राहिली. माझी पोर गेली.’’



वकिलाकडं गेलो. तो डोक्याला हात लावून बसला. त्यानं समजावलं की आता दोन्हीकडून मार आहे. पोर खेळत होती म्हटलं, तर आईनं कोर्टाला खोटं लिहून दिलं. आजी खेळत होती म्हटलं, तर जिच्या भरवशावर मुलगी मागतो, ती आजी लक्ष ठेवायचं सोडून टीव्हीपुढं बसते आणि लेकराला खोट्या शपथा घालते. ‘‘आजी, तुम्ही थोडं आधी बोलला असता तर हसण्यावारी गेलं असतं,’’ तो म्हणाला. ट्यूशनच्या मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली की मुलगी रोज येत होती. पण त्यांच्याकडं हजेरीपट नव्हता, पावती नव्हती, आणि त्या आमच्याच वस्तीतल्या. समोरचा वकील म्हणाला, शेजारणीची चिठ्ठी आहे.

मी त्या कागदांची नक्कल मागून घेतली आणि घरी पलंगावर पसरून बसले. निळ्या पट्ट्या रोज होत्या, पण मधूनमधून एक दिवस कोरा. आठवड्यातून एखादा, कधी दहा दिवसांनी. वार ठरलेला नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या तारखेला मी पेन्सिलीनं गोल करते, पुढचा अंदाज बांधायला. पाणी आमच्या गल्लीत दुपारचं येतं. मी कागद आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. जो दिवस कोरा, त्याला गोल. चार महिने, एकही चुकला नाही. ज्या दुपारी पाणी आलं, त्या दुपारी मी ड्रम भरत होते, हंडे वाहत होते, ट्रक उभा होता. पोर खेळत असती तर तिला पाण्याशी काय घेणं होतं? ती उलट त्याच दिवशी निवांत खेळली असती, मी नळावर असताना.

हे माझं मी शोधलं, चौथी शिकून. मी कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घातलं आणि एकटीच सिटी बसनं कोर्टात गेले. तारीख नव्हती. समुपदेशक बाईंच्या दाराशी दीड तास बसले. त्यांनी आत घेतलं. मी टेबलावर दोन्ही मांडलं आणि बोटानं एकेक तारीख दाखवली. त्या पहिल्यांदा घाईत होत्या. मग त्यांनी चष्मा लावला. मग स्वतःच पुढचे दोन महिने ताडून पाहिले.

‘‘तुम्हीच खेळत होता,’’ त्या म्हणाल्या.

‘‘तेच म्हटलं व्हतं.’’

‘‘उशिरा म्हटलंत, आजी. आणि मुलीनं माझ्यासमोर दोनदा वेगळंच सांगितलं. माझा अहवाल परवाच वर गेलाय.’’

‘‘मग दुसरा पाठवा.’’

‘‘जोडपत्र पाठवते. पण त्यात मला हेही लिहावं लागेल की मुलीवर खोटं बोलायला दडपण होतं. आणि ते घरातल्याच माणसाचं होतं.’’

‘‘लिहा,’’ मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांनी लिहिलं की नाही, कसं लिहिलं, मला माहीत नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्यावर माझा राग नाही. मेमध्ये निकाल लागला. मुलगी वडिलांकडं राहील, पुण्याला शाळेत जाईल. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी आईकडं, महिन्यातून एक शनिवार-रविवार भेट. पुढं परिस्थिती बदलली तर परत अर्ज करता येईल. वकील म्हणाला, हा काही कायमचा निकाल नाही. पोर अकराची आहे, अठराला किती राहिलं ते मला मोजता येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गाडी घेऊन आला. लेकीनं बॅग भरली होती. पोरीनं विचारलं, डबा न्यायचा का? तो म्हणाला, राहू दे, घरी मोठा आणलाय, त्याला सीडी पण लागते. पोरीनं माझ्या पाया पडायला वाकताना हळूच विचारलं, ‘‘आजी, नक्की सुटली ना?’’

‘‘कवाच सुटली.’’

‘‘मम्मीला काही होणार नाही?’’

‘‘नाय होत.’’

आठ दिवसांनी मी डबा लावून पाहिला. खोटं कशाला बोलू, खेळायलाच लावला. घुबड नव्हतं. त्यानं पुण्यात बसून पोरीचं खातं तिकडच्या मशीनला जोडलं आणि इथलं काढून टाकलं. खात्याशिवाय त्या डब्यात काही नाही. सीडी घालायला फट नाही, म्हणजे आपलं म्हणून हातात धरायला काहीच नाही. जे होतं ते सगळं त्याच्या परवानगीवर होतं. पडद्यावर नाव आणि पासवर्ड मागत होता. लेक दारात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन कणीक मळायला लागली. मी डबा माळ्यावर टाकला.

लेक अजून कंपनीत जाते. माझ्याशी बोलते, जेवढं कामाचं तेवढं. भाजी काय आणू, गॅस संपला, पाणी आलं का. मी तिला दोष देत नाही. पोर रविवारी फोन करते. पहिला प्रश्न तोच विचारते, मम्मी बरी आहे का. लेक म्हणते, मी तर बोलतेय ना तुझ्याशी, बरीच आहे. तरी ती पुढच्या रविवारी परत विचारते. शपथ सोडवली तरी भीती सोडवता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी नळावर आणि दारात बसून आयुष्यभर लोकांच्या सुनांना, जावयांना नावं ठेवली. या एका गोष्टीत मला माझंच नाव घ्यावं लागतं.

गल्लीतल्या बायका म्हणतात, मोबाइलनं, गेमनं घरं मोडली. मी ऐकून घेते. मशीननं काही मोडलं नाही. मशीननं जे होतं ते लिहिलं, फक्त नाव चुकलं. नाव दुरुस्त करायला एक माणूस त्या खोलीत होतं, ते गप्प बसलं.

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. जावई पुण्याला गेला, बाई पुढच्या केसला गेल्या. भोगलं तिघींनी. मी, माझी लेक आणि माझी नात.